‘चर्नोबिल डायरीज’ला शिव्या घालणारा प्रेक्षक नेमकं काय सांगतोय?

प्रश्न विचारणारे दोघं मित्र पहिलावहिला भयपट करायला निघालेत. गोष्ट अशी की चार मराठी पोरं जॉर्जियाला फिरायला जातात आणि त्स्काल्तुबो गावातल्या एका ओसाड सोव्हिएत सॅनिटोरियममध्ये, म्हणजे आरोग्यधामात, रात्रभर अडकतात. बजेट बेताचं. अभ्यास म्हणून त्यांनी २०१२ चा ‘चर्नोबिल डायरीज’ हा अमेरिकन भयपट पाहिला, त्यावर लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचलं आणि डोकं भंजाळून घेतलं. एक प्रेक्षक म्हणतो दीड तास फुकट गेला, दुसरा म्हणतो रात्री बाथरूमला जायची हिंमत झाली नाही. यातलं कुणाचं मानायचं, असं ते विचारतायत.

मी एडिटर आहे. वीसेक वर्षांत हिंदी-मराठी मिळून सात भयपट कापले, त्यातले दोन डब्यातच राहिले. म्हणजे शिव्या खाण्याचा अनुभव दांडगा. तुम्ही दोघांचंही माना, फक्त त्यांनी दिलेलं कारण मानू नका. प्रेक्षक जिथे वैतागतो तिथे चूक क्वचितच असते. ती दहा-पंधरा मिनिटं मागे कुठेतरी होऊन गेलेली असते, तेव्हा त्याला ती जाणवलेली नसते, आणि मग पुढे जे समोर येईल त्यावर तो राग काढतो.

हे मला एका खंडाळ्याच्या बंगल्याने शिकवलं. बंगला म्हणजे सिनेमातला. अंधेरीच्या एका प्रिव्ह्यू थिएटरात तीसेक माणसं बसवून आम्ही कट दाखवला, कागद वाटले, आणि निम्म्याहून जास्त जणांनी लिहिलं ‘म्युझिक फार मोठं आहे’. म्युझिक कमी केलं. पुन्हा दाखवलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर इतकं कमी केलं की संगीतकार रुसला. शेवटी चहा घेऊन आलेला स्पॉटदादा मागे उभा राहून दोन मिनिटं बघत होता, तो म्हणाला, “साहेब, ती बाई वर गेली का खाली, तेच समजत नाही.” जिन्याचा शॉट आम्हीच काढून टाकला होता, कारण कोपऱ्यात लाइट स्टँडचा पाय दिसत होता. चार सेकंदांचा तो शॉट कोपरा काळा करून परत टाकला. म्युझिक पहिल्या दिवशी होतं तेवढ्यावर नेलं. पुढच्या खेळाला म्युझिकची तक्रार एकानेही केली नाही.

आता तुमच्या सिनेमाकडे येतो. ‘चर्नोबिल डायरीज’ची गोष्ट ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. काही अमेरिकन तरुण युरोपात फिरतायत, कीव्हला एकाच्या भावाकडे उतरलेत. पुढे मॉस्कोला जायचंय, तिथे एकाला मैत्रिणीला लग्नाची मागणी घालायचीय. भाऊ म्हणतो, मॉस्को राहू दे, प्रिप्यातला जाऊ. प्रिप्यात म्हणजे चर्नोबिल अणुवीज केंद्राच्या कामगारांसाठी वसवलेलं शहर. २६ एप्रिल १९८६ च्या मध्यरात्रीनंतर चौथ्या अणुभट्टीचा स्फोट झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सुमारे ४९ हजार माणसं बसमध्ये घालून बाहेर काढली, तीन दिवसांत परत याल असं सांगून. तेव्हापासून गाव रिकामं. युरी नावाचा गाइड व्हॅन घेऊन येतो, नाक्यावरचे सैनिक आज प्रवेश नाही म्हणतात, तर तो जंगलातल्या आडवाटेने आत नेतो. दिवसभर फिरणं होतं. संध्याकाळी व्हॅन सुरू होत नाही, कारण वायरी कुरतडलेल्या असतात. आणि रात्र पडते.

खर्च सुमारे १० लाख डॉलर, जगभरातली कमाई साडेतीन कोटी डॉलरच्या वर. म्हणजे निर्मात्याच्या वहीत हा सिनेमा उत्तम आहे. प्रेक्षकांच्या वहीत मात्र पहिल्याच रात्री त्याला ‘डी प्लस’ मिळाला. अमेरिकेत सिनेमास्कोर नावाची कंपनी आहे, ती १९७९ पासून नव्या सिनेमाच्या पहिल्या दिवशी थिएटरबाहेर पडणाऱ्या लोकांकडून प्रगतिपुस्तक भरून घेते. डी प्लस म्हणजे काठावर नापासच. पण घाई करू नका. २०१८ चा ‘हेरेडिटरी’ समीक्षकांनी डोक्यावर घेतला, आज भयपट शिकवताना त्याचं नाव घेतलं जातं, त्यालाही त्या लोकांनी डी प्लसच दिला होता. तिकीट काढताना जे मिळेल असं वाटलं होतं ते मिळालं का, एवढंच हा आकडा मोजतो. ‘चर्नोबिल डायरीज’ची गोष्ट ओरेन पेलीची, ज्याने ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ काही हजार डॉलरांत केला होता. नावात ‘डायरीज’. लोक काय समजून आले असतील? घरगुती कॅमेऱ्यातलं चित्रण आणि न दिसणारं भूत. प्रत्यक्षात कॅमेरा कुणाच्याच हातात नाही, साध्या सिनेमासारखा तो तिसऱ्याच माणसाचा आहे, फक्त हलतो खूप. आणि भूत? त्यावर येतोच.

सगळ्यात जास्त शिवी खाल्लीय ती पात्रांनी. ‘मूर्ख आहेत’, ‘नाक्यावरून परत का नाही फिरले’, ‘मेले तेच बरं झालं’. ही तक्रार परदेशातल्या पर्यटकांच्या प्रत्येक भयपटावर असते, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू. मला विचाराल तर नाक्यावरचं त्यांचं वागणं अगदी खरं आहे. आपल्यातला कुणीही असाच वागतो. पैसे भरलेत, गाडी दुसऱ्याची, भाषा समजत नाही, आणि सहा जणांत एकट्याने ‘नको’ म्हणायचं म्हणजे सगळ्यांचा मूड घालवायचा. शिवाय ते आपलं वाक्य असतंच, “आता एवढ्या लांब आलोय तर बघून घेऊ.” हे वाक्य न बोललेला मराठी पर्यटक मला दाखवा. देवगिरीच्या अंधाऱ्या वाटेत वटवाघळांचा वास आला तरी बोलतात, नायगाऱ्याला पावसात भिजत उभे असले तरी बोलतात. या जातीच्या सिनेमाचं अख्खं इंजिन याच वाक्यावर चालतं.

मग प्रेक्षकाला ते मूर्ख का वाटले? कारण सिनेमा हे वाक्य उरकून टाकतो. मॉस्कोला जाऊन मागणी घालायची होती त्या पोराची नाराजी एक-दोन संवादांत आटपते आणि सगळे व्हॅनमध्ये बसतात. त्याला नको म्हणायला अजून एक मिनिट दिलं असतं, भावाने त्याला जरा टोचलं असतं, मैत्रिणीने ‘चल ना रे’ म्हणत हात धरला असता, तर नाक्यावर प्रेक्षक स्वतःच मनात म्हणाला असता, जाऊ दे, बघून येऊ. एकदा तो असं म्हणाला की तो गुन्ह्यात भागीदार. मग पुढे पात्रांना मूर्ख म्हणणं म्हणजे स्वतःला म्हणणं. ही भागीदारी झाली नाही, तर शेवटपर्यंत तो बाकावर पाय पसरून त्यांचे निर्णय तपासत बसतो.

ज्यांची झोप उडाली त्यांनी काय लिहिलंय तेही बघा. बहुतेक जण दिवसाच्या भागाबद्दल बोलतात. रिकामी इमारत, उजेड आहे, काही घडत नाही, आणि अचानक कॉरिडॉरमधून एक जिवंत अस्वल धावत जातं. मला तो प्रसंग फार आवडतो. अस्वल खोटं वाटत नाही, कारण त्या भागात माणूस गेल्यावर जनावरं खरोखर वाढली. लांडगे आहेत, सोडलेले प्रझेवाल्स्की घोडे आहेत, मागे राहिलेल्या कुत्र्यांची पिलावळ आहे. दचकवणारी गोष्ट त्या जागेतूनच आली, बाहेरून आणून ठेवली नाही. तशीच दुसरी जागा म्हणजे उलटीपालटी झालेल्या व्हॅनपाशी सापडलेलं मोबाइलवरचं चित्रण. काही सेकंदांचं, धड काही दिसत नाही, नुसत्या किंकाळ्या आणि काचेवर हात. दीड तासात मला खरी भीती तिथे वाटली.

मग बिघडतं कुठे? माझ्या मते युरी गेला की बिघडतं. गाइड संपणं ही गोष्टीची गरज आहे, पण त्या जागेची माहिती असलेला तोच एक होता, आणि तो गेल्यावर एडिटरही वाट चुकल्यासारखा कापतो. नाका कुठल्या दिशेला, व्हॅन किती लांब, ही इमारत सकाळची तीच का दुसरी? पात्रांना माहीत नसलं तरी चालेल. प्रेक्षकाला मात्र थोडं तरी माहीत हवं, नाहीतर ‘आता पोचतील का’ हा प्रश्नच त्याच्या मनात उठत नाही. मग पळापळ म्हणजे नुसती पळापळ. आणि मग तो लिहितो, ‘कॅमेरा फार हलतो, काही दिसत नाही.’ खंडाळ्याचा जिना आठवला ना?

‘काही दिसत नाही’ची अजून एक बाजू आहे, ती थोडक्यात सांगतो कारण तुम्हाला उपयोगी पडेल. माणसाने कुठे पाहिलं हे न विचारता हे मत मोजू नका. थिएटरमधला काळा आणि मोबाइलवरचा काळा वेगळा. स्ट्रीमिंगला फाइल दाबताना सगळ्यात आधी अंधाराचा बळी जातो, काळ्याचे चौकोन चौकोन दिसायला लागतात. तुमचं ग्रेडिंग, म्हणजे रंग-उजेडाची जुळवणी, झालं की दिवाणखान्यात ट्यूबलाइट चालू ठेवून साध्या टीव्हीवर आणि कुणाच्यातरी जुन्या फोनवर बघा. स्टुडिओतल्या मॉनिटरवर सगळेच राजे असतात.

अंधार कसा दाखवावा यासाठी दुसरा एक सिनेमा याच्या जोडीला बघा, २०१४ चा ‘ॲज अबव्ह, सो बिलो’. पॅरिसच्या खालच्या कॅटकोंबमध्ये, म्हणजे हाडांनी भरलेल्या भुयारांत, उतरलेल्या मंडळींचा. ती पर्यटक नव्हेत, परीस शोधणारी एक संशोधक बाई आणि तिचे सोबती आहेत, पण परक्या गावात स्थानिक पोरांच्या भरवशावर, जिथे जायला बंदी आहे तिथे जातात, म्हणून जात एकच. तिथे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून जुन्या दगडखाणींत शहरातल्या स्मशानांतली हाडं हलवली, सुमारे ६० लाख माणसांची. चित्रीकरण खऱ्याच भुयारांत झालं. आणि उजेड कुठून येतो? पात्रांच्या डोक्यावरच्या दिव्यांतून, जिथे कॅमेरेही आहेत. माणूस मान वळवतो तेव्हाच आपल्याला दिसतं. दिवा गेला तर अंधार का, हे कुणाला समजवावं लागत नाही. हाडांच्या ढिगावरून सरपटताना एक जण मध्येच अडकतो, तो प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा शर्टाचं वरचं बटण सोडलं होतं. पहिल्या दिवशी प्रेक्षकांनी यालाही ‘सी मायनस’च दिला. पण आज घरी हेडफोन लावून बघणारी पोरं त्याच्याबद्दल प्रेमाने बोलताना मला भेटतात. कानात घुसलेला भुयाराचा आवाज थिएटरपेक्षा जास्त काम करतो, असं माझं मत.

उलट ‘चर्नोबिल डायरीज’ चर्नोबिलमध्ये शूटच झालेला नाही. सर्बिया आणि हंगेरीत झालाय, आणि दिग्दर्शक ब्रॅडली पार्कर व्हीएफएक्समधून, म्हणजे संगणकावर दृश्यं घडवण्याच्या कामातून, आलेला, त्यामुळे शहराचा देखावा बराचसा नंतर जोडलेला. १० लाख डॉलरांत एवढं दिसतं हे कौतुकाचंच. पण खोटं शहर आणि खरं नाव असं झालं की पुढची तक्रार येते, आणि ती मला सगळ्यात गंभीर वाटते.

भूत की माणूस? प्रेक्षक भुताची वाट बघत बसतो. काळोखात पाठमोरी उभी राहिलेली मुलगी दाखवून सिनेमा त्याला तसं वाटूही देतो. शेवटी कळतं की ती इस्पितळातून सुटलेली, किरणोत्सर्गाने बिघडलेली माणसं आहेत. भूत हवं असलेले यावर चिडतात. ‘शेवट गुंडाळला’ ही जी ओरड आहे ती यातूनच आलीय, शेवटाचा स्वतःचा दोष त्या मानाने कमी आहे. पण दुसरा एक गट वेगळ्याच कारणाने चिडलाय. चर्नोबिलग्रस्तांसाठी काम करणाऱ्यांनी तर प्रदर्शनाच्या आधीच आक्षेप घेतला होता, की ज्यांनी भोगलं त्यांनाच तुम्ही राक्षस करताय.

हे आपल्याला समजायला भोपाळ पुरे. समजा परदेशी पोरं भोपाळला येतात, युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यात रात्री शिरतात आणि अंधारातून त्यांच्यावर धावून येतात ती डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री वायू हुंगलेली माणसं. आपण बघू? मी तरी कापायला घेणार नाही. आणि नुसत्या सभ्यतेचा प्रश्न नाही हा, धंद्याचाही आहे. ज्याला ती खरी गोष्ट थोडीशी जरी माहीत आहे तो त्या क्षणी सिनेमातून उठून जातो. चर्नोबिलच्या बाकीच्या अणुभट्ट्या स्फोटानंतरही चालू होत्या, शेवटची बंद झाली ती डिसेंबर २००० मध्ये. म्हणजे तोवर तिथे माणसं डबा घेऊन कामावर जात होती. आसपासच्या गावांत परत येऊन राहिलेल्या म्हाताऱ्या आहेत, बटाटे लावतात, आलेल्या-गेलेल्याला खाऊ घालतात. युक्रेनने २०११ मध्ये रीतसर पर्यटन सुरू केलं ते पासपोर्ट तपासून, गाइडसोबत. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियन फौजा त्याच भागात शिरल्या आणि महिनाभर केंद्र त्यांच्या ताब्यात होतं. आज हा सिनेमा बघताना सैनिकांचा नाका दिसला की मनात काय येतं, ते २०१२ च्या प्रेक्षकाच्या मनात येणंच शक्य नव्हतं. मतांच्या तारखा बघून वाचा.

आता तुमचं त्स्काल्तुबो. जागा अप्रतिम निवडलीत. कुटाइसी शहराच्या शेजारी, रेडॉनयुक्त पाण्याचे झरे, सोव्हिएत काळात मॉस्कोहून थेट रेल्वेने लोक उपचाराला यायचे, स्टालिन यायचा, एका स्नानगृहावर त्याचं शिल्प अजून आहे. खांब, गोल जिने, छतातून उगवलेली झाडं. लाख रुपयांचा सेट फुकट उभा आहे. पण त्या सॅनिटोरियमांत १९९२-९३ मध्ये जॉर्जियापासून फुटू पाहणाऱ्या अबखाझियाच्या लढाईत घरदार सोडून आलेली कुटुंबं वर्षानुवर्षं राहिली. बाल्कनीत कपडे वाळत घातलेले, एकेका खोलीत संसार. तुमच्या कथेत ‘अंधारात राहणारे ते लोक’ असा जो उल्लेख आहे तो मला इथे बोचला. ते लोक कोण आहेत हे बघणाऱ्याला माहीत असणार आहे, निदान जॉर्जियातल्या तरी, आणि तिबिलिसीत वैद्यकीय शिकणारी आपली एवढी मुलं आहेत त्यांनाही. तीच पहिली तुमचा सिनेमा बघतील आणि तीच पहिली लिहितील.

मी असतो तर तिथे राहणारी एक बाई ठेवली असती, जी पोरांना चहा देते आणि हाताने सांगते की वरच्या मजल्यावर जाऊ नका. जॉर्जियन भाषेतच बोलू दे तिला, खाली सबटायटल देऊ नका. पोरांना जेवढं समजतं तेवढंच प्रेक्षकाला समजू दे. पोरं हसून मान डोलावतात, ‘काहीतरी जेवायचं विचारतेय बहुतेक’ असं म्हणतात, आणि वर जातात. मूर्ख कुणी झालं नाही, आणि राक्षस कुणी झालं नाही. वर जे काही आहे ते मग भूत असू दे, पाणी असू दे, नुसता आवाज असू दे. ‘लपाछपी’ या मराठी भयपटात उसाच्या शेताने जे केलं ते तुमच्या गोल जिन्याला करता येईल. ऊस कुठूनही सारखाच दिसतो म्हणून तिथे हरवणं पटतं. गोल जिन्यावर कितवा मजला आहे हे विसरणंही पटेल, फक्त दिवसा एकदा तो जिना पूर्ण चढून दाखवा, मजले मोजत.

मोबाइलला रेंज नाही हे कृपया करू नका. रेंज असू दे. आईचा फोन येऊ दे, ‘जेवलास का’ विचारू दे, आणि पोराला खरं सांगता येऊ नये. टूर कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उद्याच्या नाश्त्याची वेळ येऊ दे. मदत फोनवर आहे आणि तरी मिळत नाही, हे परदेशात अडकलेल्या माणसाला जास्त ओळखीचं आहे.

रफ कट तयार झाला की सात-आठ जणांना दाखवा, मित्र नकोत, मित्र खोटं बोलतात. कागद वाटू नका. समोर एक फोन उभा करून त्यांचे चेहरे शूट करा आणि ते चित्रण सिनेमाच्या शेजारी लावून बघा. पहिला माणूस कुठल्या मिनिटाला खिशातून मोबाइल काढतो ते लिहून ठेवा, तिथून बारा मिनिटं मागे जा, आणि काय कापलं होतंत ते बघा. माझ्याकडे पाठवायचा असेल तर म्युझिक न लावता पाठवा, आणि ज्या शॉटमध्ये लाइट स्टँड दिसतोय म्हणून काढून टाकलात ते सगळे वेगळ्या फोल्डरमध्ये सोबत द्या.